बरडीवरचा रस्ता

आमच्या कचेरीत नानांच्या प्रामाणिकपणाचा सगळ्यांना त्रास होता. लाच खाणाऱ्याशी कसं वागायचं हे कोणत्याही कचेरीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. न खाणाऱ्याशी कसं वागायचं, याचा मात्र काही रिवाज नाही. नाना दौऱ्यावर गेले की हेडक्लार्क निवांत पान लावायला बसत, आणि नानांची छत्री फाटकाशी दिसली की तेच पान घाईने गिळत. नानांनी कधी कुणाच्या पानाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पण ते समोर असले की पानसुद्धा कुणीतरी आणून दिलेलं आहे हे आठवायचं.

धुळ्याच्या त्या रस्त्यांच्या कचेरीत मी ट्रेसर होतो. दुसऱ्यांनी आखलेल्या रेघा ट्रेसिंगच्या कापडावर गिरवायच्या आणि त्या आपल्या नाहीत हे विसरायचं नाही, एवढं माझं काम. नाना ओव्हरशियर. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांचे ते नाना.

स्वातंत्र्य नवं होतं. मुंबई राज्य मोडायचं होतं, आणि आमचा जिल्हा कागदोपत्री पश्चिम खानदेश होता. इथून निघून पूर्व खानदेशात, तापीच्या अंगाला जाणारी एक जुनी सडक पक्की करायची, असं वर कुठेतरी ठरलं. ‘राज्यमार्ग’ हा शब्द मोठ्या साहेबांनी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा हेडक्लार्क खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. सडक म्हणजे तरी काय, गाड्यांच्या चाकोऱ्या. कधीकाळी तिच्यावरून लमाणांचे बैल मिठाच्या गोण्या घेऊन गेले, मग कापसाच्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनांकडे गेल्या, आणि गोऱ्या साहेबाने तिच्या कडेला मैलांचे दगड रोवले. दगड आले म्हणून ती सडक. पावसाळ्यात ती नसायची. दिवाळीनंतर दगडांच्या आधाराने पुन्हा उगवायची.

या सडकेवर नाना चालायचे ते नेहमी कडेने. मधून कधी नाही. उंची बेताची, मान पुढे काढलेली, नजर जमिनीवर. काळी छत्री उघडी असायची, पण ती स्वतःच्या डोक्यावर क्वचित. ती सर्व्हेच्या यंत्रावर. खेड्यातले लोक त्या यंत्राला दुर्बीण म्हणत, आणि नानांना दुर्बीणवाला साहेब. एका म्हातारीने त्यांना एकदा विचारलं होतं, की त्यातून मुंबई दिसते का. नाना म्हणाले, “दिसत नाही. पण तिथलं पाणी कुठे जाईल ते सांगता येतं.” नाना विनोद करत नसत. त्यांना खरंच तसं वाटायचं. जगातल्या प्रत्येक गोष्टीचा विचार ते पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल यावरून करत. “रस्ता गाडीने मरत नाही,” ते म्हणायचे, “पाण्याने मरतो.” उद्‌घाटनाच्या समारंभात सगळे मांडवात असत, तेव्हा नाना कुठल्यातरी मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या नळाच्या, तोंडाशी वाकून, आत पालापाचोळा अडकलाय का ते काठीने बघत.

नवा माणूस भेटला तर त्याचं आडनाव ते विचारत नसत. विचारत, “काळीचे की बरडीचे?” काळी म्हणजे आमच्याकडची खोल कपाशीची जमीन, बरड म्हणजे मुरमाचा उंचवटा, जिथे तरवड आणि कुसळी गवत यापलीकडे काही येत नाही. काळीवाले श्रीमंत, बरडीवाले गरीब, हा सरळ हिशेब. नाना त्यावर आपलं एक वाक्य ठेवून देत: “काळी पोसते, पण पेलत नाही. बरड पेलते, पण पोसत नाही.” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. एकदा तर लग्नाच्या पंगतीत त्यांनी ते वधूपित्याला ऐकवलं. बिचाऱ्याला वाटलं, हे आपल्या व्याह्यांबद्दल आहे. जेवण होईपर्यंत तो घाबऱ्याघुबऱ्या नजरेने जावयाकडे बघत होता.

नाना स्वतः बरडीचे. बोरखेडं हे त्यांचं गाव एका लांबलचक मुरमाच्या पाठीवर वसलेलं. त्या पाठीवर त्यांच्या बापाने मागे ठेवलेली पाच-सहा बिघे बरड होती, आणि ती सांभाळत त्यांची थोरली विधवा बहीण त्याच घरात राहत होती. सगळं गाव तिला अक्का म्हणे.

आता पाण्याबद्दल सांगितलं पाहिजे.

नानांचा एक नेम होता. आपल्या हद्दीत कुणाकडचं काही घ्यायचं नाही. चहा नाही, पान नाही, ऊस नाही, ओंजळभर शेंगा नाहीत. आणि पाणीही नाही. हद्द म्हणजे त्यांच्या ताब्यातली सडक आणि तिच्या दोन्ही अंगांची गावं. धुळ्याहून निघताना ते तांब्याचा एक मोठा तांब्या भरून घेत, त्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधत, आणि तो दिवसभर पुरवत. भाकरीची पुरचुंडीही घरची. वैशाखात खानदेशातलं ऊन कसं असतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या नेमाचं वजन कळेल.

एकदा खडीच्या कामावर त्यांचा तांब्या लवंडला. दुपारची वेळ, आसपास विहीर नाही, आणि नाना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसले. कामाचे कंत्राटदार आमच्याकडचेच एक शेठ होते. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले. शेठ स्वतः मराठी बोलायचे, पण घाईत मधूनमधून हिंदीवर घसरायचे. ते आपल्या माठातला प्याला घेऊन धावले.

“नानासाब, पानी तो लो! पाण्यात कसली रिश्वत?”

नाना प्याले. प्यावंच लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्या पेढीवर गिऱ्हाइकांची गर्दी असताना, आमचा एक मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या देखभालीचा मजूर, दोन्ही हातांत पाण्याने भरलेला तांब्या सांभाळत आत शिरला. “नानांनी धाडलं,” तो म्हणाला. “कालचं.”

पेढीवर क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग शेठ गादीवरून उठले, तांब्या घेतला, अंगणातल्या तुळशीला घातला, आणि परत येऊन बसत म्हणाले, “ऐसा आदमी कंत्राटदाराला परवडत नाही.”

ही हकीकत दोन्ही जिल्ह्यांत फिरली. लोक हसले, पण मानही डोलावली. नानांपर्यंतही ती परत आली असणार. तेव्हापासून पाणी फेडण्याचे प्रसंग थोडे वाढले, असं मला वाटतं. खात्रीने सांगता येणार नाही.

सडकेची आखणी करायला आम्ही थंडीत बाहेर पडलो, तेव्हा नकाशे जागेवर ताडून बघण्यासाठी मलाही बरोबर घेतलं होतं. दोन वाटा शक्य होत्या. एक वरून, बरडीच्या पाठीवरून, जिथून बहुधा लमाणांचे बैलही गेले असतील. कारण बैलालाही पाय कुठे रुततो ते कळतं. दुसरी खालून, काळीतून. ती मैलभर जवळची, आणि वाटेत भरल्या घरांची, केळी-कपाशीची तीन मोठी गावं. नानांनी आधी वरची धरली. काही दिवस दुर्बीण पुढे, छत्री तिच्यावर, मागे साखळी आणि खुंट्या, असे आम्ही त्या पाठीवरून चाललो होतो. नाना खुशीत होते. मुरूम मुठीत घेऊन दाबायचे, वास घ्यायचे आणि न बोलता मला द्यायचे, जसं कुणी पेढा द्यावा. एका संध्याकाळी खुंट्या बोरखेड्याला पोचल्या आणि बापाच्या बरडीतून, घराच्या मागून पुढे गेल्या.

अक्का दारात उभी होती. काटक, उंच, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला.

“ये भाऊ, बठ,” ती म्हणाली. “खुट्या ते बराबर घरना मांगून गयात. आते मोटर दारशी थांबी!”

तिने आम्हा दोघांपुढे पाणी ठेवलं. मी प्यालो. नानांनी आपल्या तांब्याचं फडकं सोडलं.

अक्का बघत राहिली. “मना हातनं पानी बी लाच शे का रे?”

“तसं नही, अक्का. नेम शे मना.”

“नेम! बापनं घर बी तुनी हदमा उनं का?”

नानांनी आपला तांब्या तोंडाला लावला. मी मात्र चकित झालो होतो तो दुसऱ्याच गोष्टीने. कचेरीत नानांची भाषा इतकी छापील असायची, की मी ती त्यांची मातृभाषाच समजत होतो. त्या ओट्यावर, घरच्या बोलीत, त्यांचा आवाज बदलला, मान थोडी सैल झाली. अक्काने भरीत-भाकरी केली होती. नानांनी आपली पुरचुंडी सोडली. मला दोन्ही खावं लागलं.

जेवण आटपून आम्ही पारावर बसलो, तिथे चार माणसं भेटायला आली. रस्ता कुठून जाणार, कधी होणार, अशा गोष्टी चालल्या होत्या. त्यांतला एक म्हातारा, नानांचा लहानपणीचा सोबती, तंबाखू मळत मोठ्याने म्हणाला:

“आते ते नाना, तुनी बरडनं सोनं व्हयनं रे भो!”

सगळे हसले. म्हाताऱ्याच्या मनात काहीही नव्हतं. मित्राचं बरं होतंय याचा त्याला आनंदच होता. पण मी नानांकडे पाहिलं, आणि मला शेठच्या माठातला प्याला नाइलाजाने तोंडाला लावणारे नाना आठवले. चेहरा तसाच झाला होता.

धुळ्याला परतल्यावर दोन्ही आखण्या माझ्या टेबलावर आल्या. मी वरची गिरवायला घेतली तेव्हा नानांनी कापडावर तळवा ठेवला.

“ही नको. खालची घ्या.”

“नाना, खाली सगळी काळी आहे.”

“दगडाचा थर जाड घेऊ. मोऱ्या वाढवू.”

“पण तुम्हीच म्हणता, काळी पेलत नाही.”

“म्हणतो,” ते म्हणाले, आणि निघून गेले.

खालची रेघ कुणालाच नको नव्हती. ती जवळची होती, म्हणून साहेबांना पसंत. तीन मोठ्या गावांतून जात होती, म्हणून पुढाऱ्यांना पसंत. आणि नानांनी ती सुचवली, म्हणून तिच्यात खोट असणं शक्यच नव्हतं. नानांच्या शब्दाची कुणी उलटतपासणी केली नाही. प्रामाणिक माणसाच्या चुका अशा सुखरूप पुढे सरकतात.

बरडीवरच्या खुंट्या उपटायला मैलकुली गेले. परत येताना त्यांतला एक अक्काचा निरोप घेऊन आला आणि तो त्याने, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, भर कचेरीत मोठ्याने सांगितला. नाना दरवर्षी अखाजीला बहिणीकडे जात. आमच्या खानदेशात अखाजी हा दिवाळीहून मोठा सण. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात. अक्का माहेरीच राहत होती, म्हणून तिच्याकडे भाऊ जायचा.

“अक्का सांगे,” मैलकुली म्हणाला, “आते येवानं व्हई ते रस्तावरून ये. रस्ता नही, ते येऊ नको.”

हेडक्लार्कांनी पान गिळलं. नाना मोऱ्यांचा नकाशा बघत राहिले. पुढच्या अखाजीला ते धुळ्यातच होते.

रस्ता झाला तेव्हा समारंभ झाला. काळीतल्या मोठ्या गावाच्या वेशीवर केळीच्या खांबांची कमान उभारली. मंत्री यायला उशीर झाला. तोवर बँडवाल्यांनी त्यांना येत असलेली दोन्ही गाणी अनेकदा वाजवली. संगमरवरी कोनशिलेवर ज्यांची नावं होती त्यांतल्या एकानेही त्या रस्त्यावर घमेलं उचललेलं नव्हतं, पण कोनशिलेचा तो धर्मच आहे. मोठे साहेब भाषणात म्हणाले, “आमच्या खात्यात असाही एक ओव्हरशियर आहे, ज्याने स्वतःचं गाव, स्वतःची जमीन सोडून रस्ता नेला!” टाळ्या पडल्या. लोकांनी माना वळवल्या.

मी नानांना मोरीपाशी शोधलं. ते तिथे नव्हते. ते मांडवात, दुसऱ्या रांगेत बसले होते. त्या दिवशी त्यांनी टोपीला इस्त्री केली होती. शाल मात्र त्यांनी घेतली नाही. हात जोडून परत केली. तेव्हा टाळ्या आणखी वाढल्या. केळीच्या कमानीचा थाट दोन दिवसांत सुकतो. काही न घेतल्याचा थाट तसा लवकर सुकत नाही.

मग पावसाळे आले.

काळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, इतकी की भेगेत हात कोपरापर्यंत जावा. तिच्यावर काहीही ठेवा, ती आपल्या श्वासाबरोबर ते वरखाली करते. पहिल्या पावसाळ्यात रस्त्याला लाटा आल्या. दुसऱ्यात मोऱ्यांच्या भिंती तडकल्या. कोनशिला एका कुशीवर कलली. मंत्र्यांचं नाव वाचायचं तर मान वाकडी करावी लागे. दरसाल खडी पडायची आणि दरसाल नाहीशी व्हायची.

“नाना, काळी बठ्ठी खडी खाई गयी,” मैलकुली म्हणायचे. “आते काय टाकूत?”

नाना बैलगाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावांना दोष देत. पावसाला देत. गाडीवानांशी भर रस्त्यात भांडत. पूर्वी ते भांडत नसत. मूठभर मातीचा वास घेणंही त्यांनी सोडलं होतं. मी एकदा सहज काळी-बरडीचं ते वाक्य म्हणून दाखवलं, तर म्हणाले, “कामाचं बोला.”

आणि बोरखेडं तीन मैलांवर, वर बरडीवर कोरडं ठणठणीत. मधे मात्र तीन मैल काळी. एका श्रावणात तिथल्या एका बाईला अडलेली म्हणून बाजेवर घालून चार माणसांनी गुडघाभर चिखलातून रस्त्यापर्यंत आणलं. रस्त्यापर्यंत ते पोचले. पण धुळ्याची मोटार त्या दिवशी आमच्या राज्यमार्गात आसापर्यंत रुतून बसली होती. बाई वाचली. मूल वाचलं नाही. हे आम्हाला मैलकुल्याने सांगितलं, नानांच्या देखत. तो सांगत होता तो बाजेबद्दल, चिखलाबद्दल. रस्त्याला त्याने दोष दिला नाही. नानांनी सगळं ऐकलं. त्यांनी एवढंच विचारलं, “बाजेबरोबर कोण होतं?”

“अक्का व्हती ना,” तो म्हणाला.

नानांची नोकरी संपायला वर्ष उरलं होतं तेव्हा रस्त्याची चौकशी लागली. मोठी मोरी मधोमध उलली होती. मोठे साहेब आता बदलून दुसरे आले होते, तरुण, धडाडीचे. पाऊस उघडलेल्या एका सकाळी ते, नाना, नकाशा घेऊन मी, आणि निरोप धाडून बोलावलेले शेठ, असे आम्ही त्या मोरीशी उभे होतो. बाजूला मैलकुली. शेठ त्या चार-पाच वर्षांत खूप म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

साहेबांनी फार वेळ घेतला नाही. “उघड आहे. दगडाचा थर कमी टाकला, रोलर पुरता फिरवला नाही. कंत्राटदाराचा दोष. यापुढे यांना सरकारी काम नाही. काय नाना?”

शेठ साहेबांशी बोलले नाहीत. ते नानांकडे वळले.

“नानासाब, तुम्ही सांगा. तुम्ही बोलाल ते मला मंजूर. तुम्ही खोटं बोलत नाही.”

शेठने हे खोचून म्हटलं नव्हतं. खोचून म्हटलं असतं तर नानांना सोपं गेलं असतं.

नाना मोरीच्या तोंडाशी उतरले. त्यांनी उललेल्या भिंतीवरून हात फिरवला, जसा आजारी बैलाच्या पाठीवरून फिरवावा. मग वर आले. हातपाय चिखलाने भरलेले.

“काम चांगलं आहे, साहेब,” ते म्हणाले. “थर पुरता आहे. मी उभा राहून टाकून घेतलाय.”

“मग दोष कुणाचा?”

“आखणीचा. रस्ता इथून जायलाच नको होता. बरडीवरून जायला हवा होता.”

“मग इथून आखला कुणी?”

“मी.”

“तेव्हा तुम्हाला हे माहीत नव्हतं?”

“माहीत होतं.”

साहेब गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी नकाशाकडे. नाना सांगू लागले, तेव्हा त्यांची भाषा नेहमीसारखी छापील नव्हती. अडखळत होती. “वर माझं गाव आहे. बापाची बरड आहे. रस्ता तिथून नेला असता, तर लोक म्हणाले असते, ओव्हरशियरने घरचं बघितलं. म्हणून मी खाली आणला.”

साहेब हसले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. “अहो, मग ही तर तुमची सचोटी झाली! तुम्ही उगाच...”

“नाही साहेब. लोकांच्या सोयीची जागा बरडीवर होती. हा रस्ता मी माझ्या नावासाठी केला. कोनशिलेवर नाव नाही, एवढंच.”

शेठनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला.

साहेब शेवटी समजुतीच्या आवाजात म्हणाले, “नाना, नीट विचार करा. आता वरून न्यायचा, तर प्रस्ताव तुमच्याच हातून जाणार. निवृत्तीला वर्ष राहिलं असताना तुम्ही रस्ता आपल्या दारापर्यंत नेला, असं लोक म्हणतील. आयुष्यभराची कमाई जाईल.”

“म्हणतील,” नाना म्हणाले. “खरंच आहे. दारापर्यंतच जातो तो.”

पुढचं थोडक्यात सांगतो. प्रस्ताव गेला, रेंगाळला, हलला. वरची रेघ मी पुन्हा गिरवली. महाराष्ट्र झाला त्या सुमारास बरडीवर रोलर फिरू लागला होता, आणि नाना निवृत्त झाले होते. तो रस्ता अजून आहे. मी त्यावरून अनेकदा गेलो. मोटारीत शेजारचा माणूस डुलकी घेऊ शकतो, यापेक्षा रस्त्याची मोठी स्तुती मला माहीत नाही. खालचा रस्ता परत गाडीवाट झाला. कोनशिला कुणीतरी धुणं धुवायला नेली, असं ऐकलं.

आणि लोक म्हणाले. साहेब म्हणाले होते तसंच, शब्दाला शब्द. बरडीची भरपाई घेणार नाही, असं नानांनी लिहून दिलं, तेव्हा लोक म्हणाले, “भरपाई कशाला घेईल? रस्ताच घेतला की!” पाणी फेडण्याची गोष्ट अजून सांगितली जाते, पण आता तिचा शेवट वेगळा असतो: तांब्याभर पाणी परत करणाऱ्याने शेवटी अख्खी सडक पळवली. ज्यांनी कमानीखाली टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांतलेच बरेच ही गोष्ट रंगवून सांगतात. आमच्या हेडक्लार्कांनी तर प्रस्ताव गेल्याच्या बातमीनंतर निवांत पान जुळवलं, नानांच्या देखत तोंडात टाकलं, आणि मायेने म्हणाले, “शेवटी माणूसच आहोत आपण सगळे.” इतक्या वर्षांत कचेरीला नाना पहिल्यांदाच आवडले.

पण मला आठवतात ते नाना त्या मोरीच्या सकाळचे. साहेबांची जीप निघून गेली. शेठ नानांच्या पायांशी वाकायला लागले, नानांनी त्यांना मधेच धरलं. मग छत्री मिटली, तांब्या उचलला आणि मला म्हणाले, “येता?” मला वाटलं, धुळ्याला. ते उलट्या अंगाला वळले आणि काळीत उतरले.

तीन मैल आम्ही चिखलातून चाललो. वहाणा हातात घेतल्या होत्या, आणि प्रत्येक पावलाला ती माती पाय धरून ठेवायची. बरड लागली, पायाखाली मुरूम कुरकुरला, तेव्हा नाना क्षणभर थांबले, इतकंच.

अक्का ओट्यावर तूर निवडत होती. आम्हाला पाहून तिने सूप खाली ठेवलं. उठली नाही. भावाच्या गुडघ्यांपर्यंतच्या चिखलाकडे तिने सावकाश पाहिलं.

“रस्ता उना का?”

“नही,” नाना म्हणाले. “चूक मनी व्हती, इतलं सांगी उनू.”

अक्काने पुन्हा सूप ओढलं. दोन-चार दाणे निवडले, खडा बाजूला टाकला. तिच्या मनात त्या वेळी बाज होती की अखाजी, मला सांगता येणार नाही. मग नाना ओट्याच्या कडेला बसले, अगदी कडेला, रस्त्यावर चालत तसे, आणि म्हणाले,

“अक्का, पानी दे.”

ती आत गेली. रांजणातून भांडं बुडवल्याचा आवाज आला. तिने ते भांडं त्यांच्या हातात दिलं नाही; समोर ठेवलं आणि दाराला टेकून उभी राहिली. नानांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि सगळं प्याले, न थांबता, मान वर करून. पाणी हनुवटीवरून सदऱ्यात उतरलं. मला वाटतं, आपल्या हद्दीत त्यांनी स्वतःहून मागून प्यालेलं ते पहिलं पाणी.

भांडं खाली ठेवून ते उठले. हात आपोआप तांब्याकडे गेला. तो सकाळपासून तसाच भरलेला होता. फडकं सोडत ते आत रांजणापाशी गेले, आणि मी ओट्यावरून बघत असताना त्यांनी तांब्या कलता केला.

अक्काने रांजणाच्या तोंडावर आपला तळवा ठेवला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “इतलं ते तुनावर ऱ्हाऊ दे.”